अडीच लाखांच्या अटी

आधुनिक हिंदुस्थानातील पहिली तीन विद्यापीठे एकाच वर्षी जन्माला आली. १८५७ च्या जानेवारीत कलकत्ता विद्यापीठाचा कायदा संमत झाला, जुलैत मुंबईचा आणि सप्टेंबरात मद्रासचा. दिल्ली, कानपूर आणि लखनौ या शहरांत राज्य राहते की जाते याचा निकाल लागत होता, आणि त्याच वर्षी राज्यकर्ते पदवी कोणाला व कशी द्यावी याची कलमे तयार करीत होते. तिन्ही विद्यापीठांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. त्या काळचे लंडन विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. आपल्या विद्यापीठांनीही तोच धडा गिरविला. स्वतःचे प्राध्यापक नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, ग्रंथालय असून नसल्यासारखे. सिनेट नावाची सन्मान्य गृहस्थांची सभा, सिंडिकेट नावाचे कार्यकारी मंडळ, एक कुलगुरू, एक रजिस्ट्रार आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, एवढाच त्यांचा संसार होता.

या परीक्षायंत्राचे ज्ञानपीठ कसे झाले, त्यासाठी पैसा कोणी दिला, आणि ज्याने पैसा दिला त्याला विद्यापीठाच्या कारभारात कितपत बोलण्याचा अधिकार असावा, हे प्रश्न आज आपल्या प्रत्येक राज्यात विचारले जातात. त्यांची सर्वांत कठोर परीक्षा कलकत्ता विद्यापीठात झाली. म्हणून आज मी त्या विद्यापीठाची हकीकत सांगणार आहे. मराठी श्रोत्यांना ती परकी वाटण्याचे कारण नाही, हे पुढे दिसून येईल.

त्या हकीकतीचा पहिला धागा मुंबईतच सापडतो. राजाबाई मनोरा आणि त्याखालचे ग्रंथालय ज्यांच्या दानातून उभे राहिले ते शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले. त्या रकमेच्या व्याजातून बंगालमधील सर्वांत मानाची शिष्यवृत्ती सुरू झाली. १८८६ साली ती एका गणिती तरुणाला मिळाली. त्याचे नाव आशुतोष मुखर्जी. मुंबईच्या कापसाच्या व्यापारात मिळालेला पैसा भवानीपूरच्या एका डॉक्टरच्या मुलाच्या अध्ययनाला लागला. दानाला प्रांताची सीमा नसते याचे हे चांगले उदाहरण आहे.

आशुतोष पुढे वकील झाले, १९०४ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि १९०६ पासून १९१४ पर्यंत व पुन्हा १९२१ पासून १९२३ पर्यंत विद्यापीठाचे कुलगुरू होते. कुलगुरुपद त्या वेळी बिनपगारी असे. दिवसा न्यायासनावर बसावे आणि संध्याकाळी विद्यापीठाच्या बैठका चालवाव्यात असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या हाती जो कायदा आला तो स्वातंत्र्याचा नव्हता. लॉर्ड कर्झन यांनी १९०२ साली विद्यापीठांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १९०४ साली नवा कायदा केला. त्यान्वये जुन्या विद्यापीठांच्या सिनेटवर फार तर शंभर फेलो असावेत, त्यांपैकी फक्त वीस निवडून यावेत आणि उरलेले नेमलेले असावेत असे ठरले. महाविद्यालयांना संलग्नता देणे वा काढून घेणे सरकारच्या मंजुरीवाचून अशक्य झाले. विद्यापीठाने केलेल्या नियमांत फेरफार करण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला, आणि त्याच सभागृहात आशुतोषही विरोधकांत होते. विधेयक अर्थातच संमत झाले.

परंतु याच कायद्यात एक कलम असे होते की, विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या अध्यापनाची तरतूद करता येईल, प्राध्यापक नेमता येतील, देणग्या स्वीकारून त्यांची व्यवस्था पाहता येईल, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा उभारता येतील. मुंबई आणि मद्रास येथे हे कलम बराच काळ पुस्तकातच राहिले. आशुतोषांनी मात्र त्यावर विद्यापीठ उभे केले. ज्या कायद्याला त्यांनी विरोध केला होता त्याच कायद्यातील हे एक दार त्यांनी सताड उघडले. कारभाराच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. कायदा करणाऱ्याचा हेतू एक असतो, आणि तो राबविणारा माणूस त्यातून दुसरेच काही निर्माण करतो.

दार उघडले, पण आत जाण्यासाठी पैसा हवा होता. तो समाजाने दिला. बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली रोख रक्कम आणि जमीन मिळून सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केली. १९१३ साली सर रासबिहारी घोष यांनी दहा लाख दिले. रासबिहारींचे नाव आपल्याकडे निराळ्या संदर्भात स्मरते. लोकमान्यांच्या उपस्थितीत मोडलेल्या १९०७ च्या सुरत काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. स्वदेशी चळवळीत सरकारी विद्यापीठाला पर्याय म्हणून जी राष्ट्रीय शिक्षण परिषद १९०६ साली निघाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच. अशा गृहस्थाने आपली संपत्ती सरकारी सनदेच्या विद्यापीठाला द्यावी, याचा अर्थ असा की, ते विद्यापीठ आपले होऊ शकते असा विश्वास लोकांना वाटू लागला होता.

या देणग्यांनाही अटी होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पालितांनी आणि घोषांनी निर्माण केलेली प्राध्यापकपदे भारतीयांनाच द्यावीत असे दानपत्रांत नमूद होते. शिक्षणखात्यातील वरच्या जागा इंग्रजांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या, त्या काळातील ही अट आहे. सरकारने या उपक्रमाला जोडीचे अनुदान द्यावे अशी विद्यापीठाची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. तरीही १९१४ च्या मार्चमध्ये विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

त्या इमारतीत कोण आले ते पाहण्यासारखे आहे. रसायनाच्या पालित अध्यासनावर आचार्य प्रफुल्लचंद्र राय आले. पदार्थविज्ञानाच्या अध्यासनावर १९१७ साली चंद्रशेखर वेंकट रामन आले. ते केंद्र सरकारच्या अर्थखात्यात बड्या हुद्द्यावर होते. तेथील पगार आणि बढतीची खात्री सोडून त्यांनी कमी वेतनाचे प्राध्यापकपद स्वीकारले. आम्हा सरकारी नोकरांना या निर्णयाचे मोल चटकन कळते. १९२८ साली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा शोध लावला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते पालित प्राध्यापकच होते. सत्येंद्रनाथ बसू आणि ढाका जिल्ह्यातील एका गरीब घरातून आलेले मेघनाद साहा हे दोघे तरुण व्याख्याते याच महाविद्यालयात होते. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतासिद्धान्तावरील निबंधांचे या दोघांनी केलेले इंग्रजी भाषांतर विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केले.

१९१७ साली पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाने स्वतःच्या हाती एकत्र केले. कला आणि विज्ञान अशी दोन मंडळे झाली, आणि त्यांत शिकविणाऱ्या प्राध्यापकांना अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार मिळाला. मग पूर्वी ज्यांचे नाव कोणी काढले नसते असे विषय सुरू झाले. प्रायोगिक मानसशास्त्र आले, मानववंशशास्त्र आले, प्राचीन भारतीय इतिहास आणि संस्कृती हा स्वतंत्र विषय झाला. १९१९ साली भारतीय देशी भाषांची एम.ए. परीक्षा सुरू झाली. ज्या बंगालीला विद्यापीठात ओसरीवरही जागा नव्हती ती माजघरात येऊन बसली. आणि तिच्या अभ्यासकाला दुसरी एखादी भारतीय भाषाही शिकणे आवश्यक ठरले. अवनींद्रनाथ ठाकूर ललितकलेचे प्राध्यापक झाले, म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन यांना तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आणण्यात आले.

प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ साली पुण्याचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले आणि १९३६ पर्यंत राहिले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे हे चिरंजीव. अशोकावरील त्यांची प्रसिद्ध व्याख्याने कलकत्त्यातील होत. उलट बाजूने, याच विद्यापीठातील सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठी शिकून सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर केले. विद्यापीठाने ते १९२० साली छापले. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांचा आणि पेशव्यांच्या दफ्तराचा विचार करणारा ग्रंथ हुगळीच्या काठी, एका बंगाली पंडिताच्या हातून तयार व्हावा, ही त्या विद्यापीठाच्या दृष्टीची रुंदी होती.

आता हा सगळा खर्च चालत होता कशावर? पालित आणि घोष यांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. पण सर्वांत मोठ्या देणगीदाराचे नाव कोठेही नाही. विद्यापीठाच्या उत्पन्नाचा मुख्य भाग परीक्षा शुल्काचा होता, आणि त्यातही मोठा वाटा मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांचा. पूर्व बंगालच्या खेड्यातील कुळकर्ण्याच्या दर्जाचा कोणी कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी विधवा आई मुलाची फी भरी. त्यातील शिल्लक संशोधकाच्या प्रयोगशाळेला मिळे. समाज आणि विद्यापीठ यांच्या सहकार्याविषयी आज पुष्कळ बोलले जाते. ते सहकार्य येथे मनिऑर्डरीच्या रूपाने चालू होते, आणि ते करणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

येथेच विद्यापीठाचे मर्मस्थानही होते. फीवर विद्यापीठ चालते म्हटल्यावर विद्यार्थी जितके अधिक तितके बरे. आणि परीक्षा सैल ठेवण्याचा मोह त्यात दडलेला असतो. टीकाकारांनी नेमका हाच आक्षेप घेतला. शिवचरित्रकार म्हणून आपल्याला परिचित असलेले जदुनाथ सरकार त्यांच्यात अग्रभागी होते. पदवीचा दर्जा घसरला आहे, पुरेसा पैसा नसता नवनवे विभाग काढले जात आहेत, आणि एका माणसाच्या भोवती सारा कारभार फिरतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे आक्षेप पोकळ नव्हते. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९१७ ते १९१९ या काळात विद्यापीठाची तपासणी केली. आशुतोष स्वतः त्याचे सदस्य होते. शालेय परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्याव्यात, असे आयोगाने सुचविले. शिक्षणदृष्ट्या सूचना योग्य होती. परंतु मॅट्रिकची फी गेली की पदव्युत्तर विभाग कोसळणार, आणि तिची भरपाई कोण करणार याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

१९२१ साली प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली आणि शिक्षण हे खाते भारतीय मंत्र्यांकडे आले. गव्हर्नर जनरलांच्या जागी आता बंगालचे गव्हर्नर विद्यापीठाचे कुलपती झाले. त्याच सुमारास असहकाराच्या चळवळीमुळे परीक्षार्थी घटले, फी घटली, आणि विद्यापीठाला लाखांची तूट आली. प्राध्यापकांचे पगार थकले. विद्यापीठाने सरकारकडे मदत मागितली. १९२२ साली सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, आणि त्यांच्यासोबत अटींची एक यादी पाठविली. आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत सरकारच्या पूर्वसंमतीवाचून खर्च वाढविणारा कोणताही विस्तार करू नये, हिशेब सरकारी लेखापालांच्या सूचनांप्रमाणे ठेवावेत, आर्थिक स्थितीची विवरणे वेळोवेळी सरकारला सादर करावीत, असा त्या अटींचा आशय होता.

माझी नोकरी सरकारी. अनुदानाची टिपणे आणि त्यांना जोडलेल्या अटी आमच्या टेबलावरून नित्य जातात. म्हणून या प्रसंगी सरकारची बाजूही मांडणे मला न्याय्य वाटते. पैसा लोकांच्या करातून आलेला असतो. तो कोठे गेला हे विचारणे कायदेमंडळाचे कर्तव्य आहे. शिक्षणमंत्री प्रभासचंद्र मित्र हे परके नव्हते. ते बंगाली होते, आणि कायदेमंडळाला जबाबदार होते. हिशेब दाखवा असे म्हणणाऱ्याला स्वातंत्र्याचा शत्रू ठरविणे योग्य नाही. ज्या संस्थेला हिशेबाची लाज वाटते तिच्या स्वातंत्र्याची चाड समाजाने का बाळगावी?

पण त्या यादीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. झालेल्या खर्चाची तपासणी करणे ही एक. उद्या कोणता विषय शिकवावा, कोणता विभाग काढावा, यासाठी आधी परवानगी मागावयास लावणे ही दुसरी. पहिलीत हिशेबनीस वही पाहतो. दुसरीत तो वर्गाच्या दाराशी उभा राहतो. पालितांच्या दानपत्रातील अटीशी ताडून पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. पालितांनी अट घातली आणि विद्यापीठाला पूर्वी बंद असलेली वाट मोकळी झाली. सरकारच्या अटीने मोकळी असलेली वाट बंद होणार होती. अनुदानाला अट नसावी असे कोणी म्हणू नये. ती अट विद्यापीठाचे काम वाढविते की थांबविते, एवढेच पाहावे.

१९२२ च्या डिसेंबरात सिनेटपुढे हा प्रश्न आला. आशुतोषांचे त्या दिवशीचे भाषण प्रसिद्ध आहे. सरकारचा पैसा स्वातंत्र्याच्या मोबदल्यात येत असेल तर तो आपण घेणार नाही, आपण बंगालच्या घरोघरी जाऊन भिक्षा मागू, आपले प्राध्यापक उपाशी राहतील पण मिंधे होणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. प्रफुल्लचंद्र राय त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचा शब्द पोकळ नव्हता. वयाची साठ वर्षे पुरी झाल्यावर, १९२१ पासून, त्यांनी आपले वेतन विद्यापीठालाच रसायनविभागासाठी देऊन टाकले होते. ज्या सिनेटमध्ये बहुसंख्य सभासद नेमलेले होते त्या सिनेटने अटींसह अनुदान घेण्याचे नाकारले. कर्झन यांनी सरकारच्या सोयीसाठी घडविलेली सभा सरकारच्या विरुद्ध उभी राहिली.

१९२३ च्या मार्चमध्ये गव्हर्नर आणि कुलपती लॉर्ड लिटन यांनी आशुतोषांना पत्र लिहिले. कुलगुरुपदाची मुदत वाढवून देण्याची तयारी त्यात होती. मात्र विरोधाचे धोरण सोडून सरकारला मनापासून साहाय्य करण्याचे वचन त्यांनी द्यावे, अशी अपेक्षाही होती. दोनच दिवसांत आशुतोषांचे उत्तर गेले. असे वचन देऊन मिळणारे पद त्यांनी अपमानास्पद म्हणून नाकारले. त्यांच्या जागी भूपेंद्रनाथ बसू आले. पुढच्या वर्षी, १९२४ च्या मे महिन्यात, आशुतोष पाटण्यास निवर्तले.

या नकाराची किंमत विद्यापीठाने मोजली, आणि ती सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. पगार रखडले. उपकरणे आली नाहीत. मेघनाद साहा पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून युरोपातून परतले होते. पण संशोधनाला पुरेसा पैसा नाही हे पाहून १९२३ साली ते अलाहाबादला निघून गेले. १९२६ साली जदुनाथ सरकारांसारखे कडवे टीकाकारच कुलगुरुपदी आले, आणि जुन्या वादांना नवे तोंड फुटले. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडेच राहिली, ती थेट १९५१ साली पश्चिम बंगालचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन होईपर्यंत. म्हणजे सॅडलर आयोगाची एक योग्य सूचना पैशाच्या प्रश्नापायी तीस वर्षे लांबणीवर पडली. स्वातंत्र्य राखले गेले. फुकट राखले गेले नाही.

या प्रसंगाचे फळ मात्र पुढे साऱ्या देशाच्या पदरात पडले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, भारत सरकारने विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष राधाकृष्णन होते आणि सदस्यांत मेघनाद साहा होते. १९२२ च्या त्या डिसेंबरात हे दोघेही कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक होते. शिक्षणाला साहाय्य करणे हे राज्याचे काम आहे, पण साहाय्य म्हणजे ताबा नव्हे, अशी या आयोगाची भूमिका होती. सरकार आणि विद्यापीठे यांच्यामध्ये जाणत्या माणसांचे एक मंडळ असावे आणि अनुदान त्याच्या हातून वाटले जावे, अशी शिफारस आयोगाने केली. त्यातूनच १९५३ साली विद्यापीठ अनुदान आयोग उभा राहिला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला अधिष्ठान मिळाले. त्या व्यवस्थेचे गुणदोष पुढे पुष्कळ चर्चिले गेले. पण तिच्या मुळाशी जी चिंता होती ती थकलेल्या पगारांच्या आणि अडीच लाखांच्या अनुभवातून आलेली होती, असे मानण्यास हरकत नाही.

आपण श्रोते नागपुरात असा, इंदूरला असा, बडोद्यात किंवा दिल्लीत असा, आपल्या जवळ एखादे विद्यापीठ असेलच. त्याची अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद ही नावे निवडणुकीपुरती वर्तमानपत्रांत येतात आणि मग विस्मरणात जातात. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यावयाच्या आहेत. अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल त्या सभेपुढे येतात. आपल्यापैकी किती पदवीधर आपले नाव नोंदवितात? नोंदविलेच तर किती जण मत देतात, आणि मत दिल्यावर निवडलेल्या माणसाला एखादा प्रश्न विचारतात?

विद्यापीठाच्या स्वातंत्र्याचे रक्षण कुलगुरूंच्या एका तेजस्वी भाषणाने होते असे आपण सहज समजतो. आशुतोषांना ते भाषण करता आले, कारण त्यांच्या मागे पालितांचे दानपत्र होते, राय यांचे वेतन होते, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या फीच्या लहान लहान रकमा होत्या. ज्या विद्यापीठाच्या मागे असा समाज उभा असतो त्याला अटी वाचून पाहता येतात आणि नको असलेल्या अटींखाली सही नाकारता येते. ज्याच्या मागे कोणीच नसते त्याला समोर येईल त्या कागदावर सही करावी लागते.